चौथ्या घरावरची रेघ

नव्या रिव्हॉल्व्हरवर माझा काडीचा विश्वास नाही. बत्तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढली; साहेबांच्या कमरेला जे लटकायचं ते आधी माझ्या हाताखालून जायचं. निवृत्तीनंतर बीडला दुरुस्तीचा परवाना काढला आणि दहा बाय बाराच्या गाळ्यात बसलो. लोक तोंडावर मला गहिनीनाथ मिस्त्री म्हणतात आणि माघारी तिरसट म्हातारा म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. नवं हत्यार घेऊन कुणी पेढे वाटत आला की मी पेढा तोंडात टाकतो आणि विचारतो, "बोला, काय काय बिघडलंय?" माणूस हिरमुसतो. पण कारखान्यातून आलेल्या मालात काहीतरी राहून गेलेलं असतंच. वरून चकाचक काळं पॉलिश आणि आत कानशीचे ओरखडे.

रामकिसन पहिल्यांदा आला ते साल दुष्काळाचं. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी टँकर यायचा आणि तो आला की मी हातातलं काम कुलपात टाकून घागरी घेऊन पळायचो. अशाच एका दिवशी मी परतलो तर एक उंच, हडकुळा माणूस गाळ्याच्या दारात उभा. त्याने माझ्या हातातल्या दोन्ही घागरी घेतल्या, आत नेऊन ठेवल्या आणि मग म्हणाला, "मामा, रिव्हॉल्व्हर दाखवायचंय. संस्थेचं हाय."

संस्था म्हणजे चकलांब्याच्या बाजूची एक सहकारी पतसंस्था. तिचे चेअरमन माणिकराव. संस्थेला हत्यारबंद राखणदार हवा म्हणून त्यांनी परवाना काढला. बारा बोअरची लांब बंदूक त्यांना जुनाट वाटली, म्हणून रिव्हॉल्व्हर मागवलं आणि त्याच खेपेला हौसेने स्वतःसाठीही तसंच एक घेतलं. रामकिसन होमगार्डमध्ये नेम धरायला शिकलेला, माणूस सरळ, म्हणून राखणदार म्हणून परवान्यावर त्याचं नाव चढलं. अट एकच होती: माझ्यासारख्या परवानाधारकाने हत्यार तपासून ठीक आहे असं लिहून द्यायचं, मगच तो कामावर.

हे सगळं सांगताना त्याचं तोंड इतकं हसरं होतं की मला उगाच राग आला. "नोकरी लागली म्हणून एवढं दात काढायला काय झालं?" मी म्हणालो.

"औंदा तोडीला जायाचं न्हाई, मामा," तो म्हणाला. "केशरला घिऊन घरीच ऱ्हायाचं."

आमच्या जिल्ह्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरतात. दसरा उलटला की असे हजारो कोयते ट्रॅक्टरमध्ये बसून लांबच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. केशरबाई, म्हणजे रामकिसनची बायको, पाचव्या महिन्यात होती. याआधीची दोन लेकरं उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीतच गेली होती. एक सहाव्या महिन्यात, दुसरं जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. हे त्याने जमिनीकडे बघत भराभर सांगून टाकलं. मग पुन्हा तोंड हसरं केलं आणि म्हणाला, "ह्ये तिसरं घरी हुईल."

मी हत्यार हातात घेतलं.

ते अगदी माझ्या अपेक्षेप्रमाणे निघालं. सिलिंडर फिरताना एका जागी घासत होता. काडतुसं बाहेर ढकलणारी जी चांदणी असते, तिच्या दातांना लोखंडाची बोचरी धस राहिली होती. चाप इतका जड की ओढताना नेम हमखास हलावा. एक स्क्रू तर बोटाने फिरत होता. हत्यार घडवणाऱ्या कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी दिवसभर बसलो. धस काढली, घासत होतं तिथे साफ केलं, चाप हलका केला, स्क्रू आवळला. मग मागच्या वाळूच्या पेटीत बार काढले. काडतुसं मोजकीच होती, म्हणून सिलिंडरमधल्या काडतुसांच्या सहा घरांपैकी पहिली तीन भरून उडवली. तिन्ही बार खणखणीत. मी कागदावर सही ठोकली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता डोळं झाकून चालीव."

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा बरोबर बायको होती. काळीसावळी, ठेंगणी, डोक्यावरचा पदर दातात धरलेली. रामकिसनचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. संस्थेत सगळ्या संचालकांसमोर माणिकरावांनी त्याला सिलिंडर फिरवून दाखवायला सांगितलं, तर सिलिंडर जागचा हलेना. माणिकराव जाम भडकले. रामकिसनने आदल्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरी नेल्याचं कळल्यावर तर आणखीच. "घरी कावून नेलतंस बे?" असं चारचौघांत विचारून त्यांनी बजावलं होतं, दोन दिवसांत नीट करून आण, नाहीतर दुसरा गडी बघतो.

मी लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत सिलिंडर बाहेर घेतला. आत लालभडक चिखल. चांदणीच्या दातांमागे तांदळाचे पाच-सहा दाणे घट्ट चिकटून बसलेले.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"म्याच म्हणलं हुतं तिला पूजा कर म्हून," रामकिसन घाईने बोलला.

"न्हाई बाबा, ह्ये निजले हुते," केशरबाई म्हणाली. "पोट भरायचं हत्यार हाय, एक रात देवापुढं ठिवावं म्हणलं. आमी कोयतं बी ठिवतो तसंच. कोरडं कुकू त्या चिकण्या लोखंडावर टिकंना, मंग करडीच्या तेलात कालवलं आन् सगळीकडनं लावलं. अक्षदा टाकल्या. सकाळी पुसलं, पर आत गेल्यालं कळलं न्हाई मला."

माझं डोकं फिरलं. "बाई, ह्यो काय म्हसोबाचा धोंडा हाय, तेल-कुकू थापाया? कारखान्यानं केलेली घाण काढता काढता माझं डोळं गेलं, आन् तू एका रातीत सगळ्याची माती केलीस. नवऱ्याची नोकरी तू खाल्लीस, ध्यानात ठिव!"

बोललो आणि जीभ चावली. पण माझ्या तोंडून सुटलेला शब्द मी कधी मागे घेतलेला नाही, तसाच तोऱ्यात बसून राहिलो. ती रडली नाही. पदर दातातून सोडला आणि शांतपणे म्हणाली, "व्हय. माझ्या हातानं समदं असंच हुतं."

"केशर," रामकिसन म्हणाला.

मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसलो. दाणे चिमट्याने काढले, दात धुतले, सहाही घरं आतून पुसली. अर्ध्या तासात सिलिंडर पुन्हा मोकळा फिरायला लागला. रामकिसनच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात देणार, तेवढ्यात केशरबाई पुढे झाली.

"बाबा, ती येक रेघ ऱ्हायली."

"कसली रेघ?"

तिने बोट लावून दाखवलं. चौथ्या घराच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी लाल रेघ होती. "म्या राखंनं घासली, राकेलनं घासली. पुसली की जाती आन् जरा येळानं पुन्यांदा उमटती. चेअरमनसायेबाला दिसंल म्हून सांगते."

मी कपाळाला आठ्या घालून चिंधीने ती पुसली. गेली. केशरबाईकडे एक कटाक्ष टाकला. चहाचा कप उचलला, दोन घोट घेतले आणि खाली पाहिलं, तर रेघ परत तिथेच. मी पुन्हा पुसली. पुन्हा आली. मग मात्र मी भिंग काढलं आणि दारातल्या उजेडाला जाऊन बसलो.

कुंकू वरून लागलेलं नव्हतं. ते आतून वर येत होतं. सिलिंडर अडकून राहावा म्हणून प्रत्येक घरावर एक खाच असते, तिथे पोलाद सगळ्यात पातळ असतं. चौथ्या घराच्या त्या खाचेपासून एक भेग निघून पुढपर्यंत गेली होती. कारखान्यातच पडलेली, वरच्या पॉलिशखाली झाकली गेलेली. मला ती भिंगाने कधीच दिसली नसती. रात्रभर तेल त्या भेगेत मुरलं, बरोबर कुंकू घेऊन गेलं आणि आता थोडं थोडं करून बाहेर येत होतं. आणि हे चौथं घर मी उडवून बघितलंच नव्हतं. तीन काडतुसं वाचवली होती मी.

या पोराला मी डोळे झाकून चालव म्हणालो होतो.

मी दोघांना समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. चौथ्या घरातली गोळी उडाली की लोखंड फुटणार. बोटं जातील, डोळा जाईल, आणखीही काही जाऊ शकतं. पूजेचा यात काही दोष नाही. दोष कारखान्याचा आणि त्याच्यावर सही मारणाऱ्या माझा.

"मंग बदलून देत्याल की?" रामकिसनने विचारलं.

"देत्याल. पोलिसांचा कागुद, परवान्यावरचा नंबर बदलायचा, माल पाठवायचा, यायचा. चार महिनं धर."

तो हिशेब त्याला माझ्याआधी कळला. हत्यार नाही तर संस्थेला राखणदार कशाला हवा? आणि ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी निघणार होता. रामकिसन हळूच म्हणाला, "मामा, पुसून टाका ती रेघ."

"काय?"

"धुऊन काढा तेल. संस्थेवर कोण येतंय दरोडा घालाया? कमरंला लावून नुसतं बसायचंय. चौथ्या घरात म्या गोळीच भरणार न्हाई, पाचच भरीन. तुमची सही हायच कागदावर. कुणाला कळतंय?"

खरं सांगतो, मी डगमगलो. भेग पेट्रोलने धुतली असती तर कुणालाच काही दिसलं नसतं. त्याची नोकरी राहिली असती, पोटातलं लेकरू घरी जन्मलं असतं आणि माझी चूकही झाकली गेली असती. बत्तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी चिंधी हातात घेऊन नुसताच बसलो.

केशरबाईने हात लांबवून रिव्हॉल्व्हरवर तळवा ठेवला. "न्हाई," ती म्हणाली.

"केशर, तू गप बस. तुला कळत न्हाई."

"मला कळतंय. गडबडीत कोण मोजतंय चौथं का पाचवं? तुमचा हात गेला तर लेकराला उचलून घ्यायचं कुणी?" तिचा आवाज चढला नाही. "म्या येते तोडीला. दोघांचं चार हात धड असलं की ऊस तुटतो. बाबा, तुमी खरं तेच लिवा."

रामकिसनने टॉवेल तोंडावर घेतला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू ओरडा खायचा राहिला असेल तर तोही उरकून घ्यावा. मला माझीच लाज वाटली. त्या बाईला मी म्हसोबाचा धोंडा ऐकवला होता.

आयुष्यात माझा तिरसटपणा पहिल्यांदाच कामाला आला तो तेव्हा. मी माणिकरावांना फोन लावला. "तुमचं रिव्हॉल्व्हर घिऊन आत्ताच्या आत्ता या. आन् येताना चापाला बोट लावू नका," एवढं बोलून ठेवून दिला. तीन तासांत त्यांची जीप दारात. तोवर मी केशरबाईला चटईवर पडायला लावलं, शेजारच्या हॉटेलातून भाकरी-पिठलं मागवलं. ती आधी नको नको म्हणाली आणि मग दोन भाकरी खाल्ल्या.

माणिकराव पोट सावरत आत आले. कमरेला चामड्याच्या पाकिटात त्यांचं रिव्हॉल्व्हर. "काय मिस्त्री, काय घोळ घातला ह्यानं?"

मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि रेघ दाखवली. ती काय आहे ते सांगितलं. मग म्हणालो, "तुमचं बी त्याच खेपेचं हाय."

त्यांनी कमरेचं हत्यार टेबलावर ठेवलं, पण असं, की तापलेली कढई ठेवावी. "माझ्यात बी आसंल का?"

"मला सांगता येणार न्हाई. माझ्या भिंगाला दिसत न्हाई ते. बाईला दिसतं."

गाळ्यातल्या देव्हाऱ्यात कुंकू होतं, पणतीपुरतं तेल होतं. मी रिव्हॉल्व्हर रिकामं करून सिलिंडर सोडवून दिला आणि केशरबाईने कुंकू कालवलं. करंगळीने एकेका घराला बाहेरून लावलं, खाचेत नीट भरलं. अक्षता टाकू का म्हणून तिने भीतभीत माझ्याकडे पाहिलं, आणि मी कितीतरी दिवसांनी खदखदून हसलो.

तेल मुरायला तासभर हवा होता. तो तासभर माणिकराव माझ्या तीन पायांच्या स्टुलावर बसून होते. चहा घेईनात. आधी कारखान्याला शिव्या घालून झाल्या. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पुतण्याच्या लग्नात दोन बार काढले की मी. वर हात करून." थोड्या वेळाने, "नात रोज मांडीवर येऊन बसती. पाकिटाचं बटन काढती-लावती." रामकिसनने उठून त्यांना पाणी दिलं.

मी सिलिंडर पुसला आणि उजेडात ठेवला. आम्ही चौघंही त्याच्यावर वाकलो. रेघ आली नाही. पुन्हा वाट पाहिली. नाही आली. "नीट बघा," माणिकराव म्हणाले. मी भिंग लावून सहाही घरं पाहिली आणि केशरबाईलाही दाखवली. "कायबी न्हाई. सपाट हाय," ती म्हणाली. माणिकरावांनी असा श्वास सोडला की टेबलावरची चिंधी हलली, आणि एवढा मोठा चेअरमन त्या पोरीपुढे हात जोडून उभा राहिला. ती लाजून रामकिसनच्या मागे सरकली.

"आता ह्याचं काय?" मी रामकिसनकडे बोट केलं.

"नवीन रिव्हॉल्व्हर येऊ द्या, मग बघू. नियम हाय तसा."

"नियम तुमच्याच संचालक मंडळानं केला का सरकारनं?"

"आमीच केला."

"मग तुमीच बदला. मी कारखान्याला आन् पोलिसांना लिहिणार हाय, त्यात माझी चूक बी लिहिणार हाय. तीन घरं उडीवली आन् सही केली म्हून. आन् भेग कुणी दाखीवली ते नावासकट लिहिणार हाय. त्या बाईला तुमी तिकडं फडात धाडलं तर तेबी लिहीन. माझं वय झालंय, मला कुणाची भीती न्हाई."

माणिकराव माझ्याकडे रागाने बघत होते. मग त्यांनी टेबलावरचं आपलं धड हत्यार उचललं, दोन्ही बाजूंनी निरखलं आणि पाकिटात घातलं. बटण लावायला त्यांना वेळ लागला. "सोमवारपास्नं ये बे," ते रामकिसनला म्हणाले. "काठी घिऊन बस. नवीन आलं की ते लाव." आणि आणखी काही बोलायला लागू नये म्हणून तरातरा जीपकडे निघून गेले. रामकिसन माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याला दंडाला धरून उभा केला आणि म्हणालो, "जा, जीपमधी जागा धर. बाईला पुढं बसव, मागं हादरं बसतात."

तो गेला. केशरबाई उंबऱ्याशी थांबली होती. काही चूक कबूल करायची म्हणजे माझ्या जिवावर येतं, पण बोललो.

"पोरी, मघाशी मी तोंड टाकलं. ते चुकलं माझं. तुझ्या हातानं कायबी बिघडलं न्हाई. ते बिघडूनच आलतं."

तिने डोक्यावरचा पदर सावरला. मला वाटलं, निरोप घेते आहे. मग तिने बाहेर जीपकडे पाहिलं, आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं, "मंग बाबा, माझी ती दोघं गेली, त्यात बी माझ्या हातचं काय नसंल का? सासू म्हणती, म्या आवसंला कोयता उचलला म्हून."

मी हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. बाळंतपणातलं मला काय कळतं? बघितल्याशिवाय, मोजल्याशिवाय एखादी गोष्ट ठीक आहे म्हणायची नाही, हे मी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. पण त्या क्षणी मला तपासायचं काही नव्हतं. मला पक्कं माहीत होतं.

"न्हाई पोरी," मी म्हणालो. "त्यात तुझं कायबी न्हवतं."

"खरं?"

"खरं."

ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. मी ओरडलो तेव्हा न रडलेली, भेग दाखवली तेव्हा न रडलेली ती बाई पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडायला लागली. बाहेर माणिकरावांनी हॉर्न वाजवला. परत वाजवला. मी बाहेर जीपपुढे गेलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "वाजवू नका! थांबा गप!" आणि तिचं रडणं पुरं होईपर्यंत मी जीपपुढून हललो नाही.